पाच तबकड्यांचा नाताळ

(महोत्सवानिमित्त देवळाच्या पटांगणात दिलेले व्याख्यान. श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



महोत्सवाच्या व्याख्यानांत आजवर आपण आपल्या देवळाचा इतिहास ऐकला, मंडळींच्या कार्याचा अहवाल ऐकला, आणि पूर्वजांनी सोसलेल्या हालअपेष्टांची गाथाही ऐकली. आता हा मनुष्य उठतो आणि एका अमेरिकन सिनेगायकाच्या तबकड्यांविषयी बोलू म्हणतो, हे पाहून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या असल्यास त्यात नवल नाही. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही, तो आपल्याच अंगणात उपस्थित झालेला आहे. गतवर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वी तासभर गव्हाणीशेजारच्या कर्ण्यातून बिंग क्रॉस्बी याची नाताळगीते लावली होती. ती सरली तेव्हा मिस्सेची घंटा झाली, आणि सहा आठवडे तालीम केलेल्या आपल्या गायकवृंदाला घंटेपूर्वीची जी गाणी म्हणावयाची होती, ती कागदावरच राहिली. पुढे समितीच्या सभेत यावरून दोन तट पडले. तरुण म्हणाले, एवढे गोड गाणे लावले, त्यात आमचे काय चुकले? वृद्ध म्हणाले, सिनेमावाल्याचा आवाज देवळाच्या उंबरठ्याशी आणलाच कशाला? उभय पक्ष तावातावाने बोलले, पण ज्या गाण्यांवरून भांडण, ती कोणी, कोठे, कशासाठी गायिली, याची वास्तपुस्त कोणीच केली नाही. ती करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, आज जिला आपण 'अल्बम' म्हणतो ती वस्तू मुळात खरोखरच फोटोंच्या पुस्तकासारखी असे. १९४५ साली डेक्का या अमेरिकन कंपनीने क्रॉस्बीचा 'मेरी ख्रिसमस' हा संच काढला, तेव्हा त्यात दहा इंची पाच तबकड्या होत्या. प्रत्येक तबकडी कागदी खिशात घातलेली, आणि ते सर्व खिसे एका पुठ्ठ्यात बांधलेले. तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेई, आणि एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. पाच तबकड्यांच्या दहा बाजू, म्हणून दहा गाणी. दर तीन मिनिटांनी कोणीतरी उठावे, सुई उचलावी, तबकडी पालटावी, पुन्हा सुई ठेवावी. हल्लीच्या मुलांना हे सांगितले की त्यांना हसू येते. पण त्या उठाबशीत एक शिस्त होती. प्रत्येक गाणे मुद्दाम उठून ऐकावे लागे. आपोआप वाहत राहणारे गाणे तेव्हा नव्हते.

ती तबकडी होती लाखेची. ही लाख आपल्याच हिंदुस्थानची. छोटा नागपूरच्या रानांत पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात. तेथील गोरगरीब आदिवासी, ज्यांच्यामध्ये गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बेल्जियन येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लिव्हेन्स यांनी जीव ओतून काम केले, ते ती लाख खरवडून बाजारात आणीत. तीच समुद्रापार जाऊन ग्रामोफोनची तबकडी होई. महायुद्धात जहाजांचे मार्ग धोक्यात आले, लाख दुर्मिळ झाली, आणि १९४२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लागणारी लाख सत्तर टक्क्यांनी तोडली. हा हुकूम निघाल्यावर दोन महिन्यांच्या आतबाहेर क्रॉस्बीने आपली मुख्य नाताळगीते मुद्रित केली. ऐन टंचाईत, जेथे प्रत्येक तबकडी मोजूनमापून काढावयाची, तेथे कंपनीने लॅटिन स्तोत्रासाठी लाख खर्चिली, ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

आता त्या गवयाविषयी. हॅरी लिलिस क्रॉस्बी याचा जन्म १९०३ साली मे महिन्यात अमेरिकेच्या वायव्य टोकास टॅकोमा गावी झाला. 'बिंग' हे त्याचे बाळपणीचे टोपणनाव. आई आयरिश वंशाची, कट्टर कॅथॉलिक. पुढे कुटुंब स्पोकेन शहरी आले आणि हा मुलगा तेथील येशूसंघीयांच्या गोंझागा विद्यालयात शिकला. वेदीवर सेवा करणाऱ्या मुलांत तो असे. लॅटिन त्याच्या कानी पडले ते तेथे. कायद्याचा अभ्यास अर्ध्यावर टाकून तो गाण्याबजावण्याच्या नादी लागला, तेव्हा त्याच्या शिक्षकांस काय वाटले असेल ते आईबापांनी आपापल्या मनास विचारावे. त्याच गोंझागाने पुढे १९३७ साली त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. म्हणजे अभ्यास सोडून डॉक्टर होता येते. मुलांनी मात्र हे उदाहरण घरी सांगू नये.

क्रॉस्बीला लोक 'क्रूनर' म्हणत. हा शब्द नीट समजल्यावाचून पुढचे भांडण समजणार नाही. १९२५ च्या पूर्वी गाणे मुद्रित करावयाचे म्हणजे गवयाने एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून छातीच्या जोरावर गावे, त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हाले, पडद्याने सुई हाले आणि मेणावर रेघ उमटे. हळू गाणाऱ्याचे तेथे काम नव्हते. नाटकगृहातही हीच गत. त्या वर्षी विजेचे मुद्रण सुरू झाले, मायक्रोफोन आला, आणि गवयाचे सारे तंत्रच पालटले. आता ओठांशी पुटपुटलेला शब्द हजारो घरांत जसाच्या तसा पोहोचू लागला. कानाशी लागून बोलावे तसे, कुजबुजीच्या पट्टीत, सैलसर गुणगुणत गाणारे जे नवे गवई निघाले ते क्रूनर. क्रॉस्बी त्यांचा मुकुटमणी. त्याला मायक्रोफोन हे आवाज वाढविण्याचे यंत्र वाटले नाही, ते त्याचे वाद्यच होते.

हे धर्ममातेला रुचले का? मुळीच नाही. १९३२ च्या जानेवारीत बोस्टनचे कार्डिनल विल्यम ओकॉनेल यांनी या क्रूनर मंडळींवर जाहीरपणे कोरडे ओढले. पुरुषाने असे विव्हळत, लाडेलाडे प्रेमगीते म्हणावी, हे त्यांना हीन आणि निर्लज्ज वाटले, आणि तसे त्यांनी अत्यंत कडक भाषेत बोलून दाखविले. तेव्हा आमच्या सभेत ज्या वृद्धांनी नाके मुरडली, त्यांनी खंत करू नये, एक कार्डिनल त्यांच्या बाजूचे आहेत. आणि मला विचाराल तर कार्डिनलसाहेब सर्वस्वी चुकले असे मी म्हणणार नाही. देवळात जो आवाज घुमतो तो सर्वांचा असतो. क्रूनरचा आवाज एकट्याने एकट्याशी केलेली गोष्ट असते. एक आवाज माणसांना जवळ आणतो, दुसरा प्रत्येकाला आपापल्या कोपऱ्यात नेऊन बसवितो. हा भेद त्या वृद्ध धर्माध्यक्षांच्या कानाने बरोबर हेरला होता.

परंतु क्रॉस्बीलाही त्याचे भान नव्हते असे नाही. १९३५ च्या आरंभी कोलंबन संघाचे मिशनरी फादर रिचर्ड रॅनघन हे त्याच्याकडे आले. चीन देशातील मिशनकार्याचा त्यांनी एक चित्रपट केला होता, आणि त्यासाठी त्यांना गाणे हवे होते. त्या कामाकरिता क्रॉस्बीने 'सायलेंट नाइट' म्हटले. पुढे डेक्काचे जॅक कॅप याने तेच गीत विक्रीसाठी मुद्रित करण्याचा आग्रह धरला, तेव्हा क्रॉस्बी मागे सरला. प्रभुजन्माचे स्तोत्र म्हणून आपण पैसे खिशात घालावे, हे त्याला प्रशस्त वाटेना. शेवटी तोड निघाली ती अशी की, त्या तबकडीचे उत्पन्न धर्मादायास जावे. त्या अटीवर १९३५ च्या नोव्हेंबरात त्याने ते गायिले. कार्डिनलसाहेबांच्या फटकाऱ्यास तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. ज्या आवाजाने अवघ्या देशाला प्रेमगीतांनी भुलविले, त्या आवाजाला गव्हाणीपुढे उभे राहताना संकोच वाटला, हे या कथेतील मला सर्वांत हृद्य वाटणारे स्थळ आहे.

संचातील गीतांकडे वळतो. सर्वांवर बोलत नाही. 'जिंगल बेल्स' आणि सांताक्लॉजचे गाणे त्याने अँड्र्यूज भगिनींसह म्हटले आहे. मुलांना ते आवडते, आवडो. 'जिंगल बेल्स'मध्ये मूळचा नाताळाचा उल्लेखच नाही, ते बर्फावरच्या गाडीचे गाणे आहे. 'डॅनी बॉय' हे आयरिश गीत नाताळाच्या संचात कसे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो, त्याचे उत्तर फार गमतीचे आहे. दुसऱ्या एका गाण्याच्या तबकडीच्या पाठीवर ते होते, म्हणून तबकडीबरोबर तेही आले! १९४७ साली संच पुन्हा मांडला तेव्हा ते गळाले.

'सायलेंट नाइट'ची कथा आपल्याला ठाऊक आहे, तथापि तिचा एक भाग सुधारून घेतला पाहिजे. ओबर्नडॉर्फच्या देवळातील ऑर्गन उंदरांनी कुरतडल्यामुळे फादर जोसेफ मोर यांनी २४ डिसेंबर १८१८ रोजी घाईघाईने गीत रचले, असे आपण मुलांना सांगत आलो. १९९५ साली मोर यांच्या हातचा कागद सापडला, त्यावर रचनेचे साल १८१६ आहे. म्हणजे कविता दोन वर्षे आधीच तयार होती. चाल मात्र शाळामास्तर फ्रान्स ग्रूबर यांनी त्या दिवशी बांधली, आणि त्याच रात्री दोघांनी गिटारीच्या साथीवर ती म्हटली. उंदीर खरे असोत वा नसोत, खेड्यातला तरुण धर्मगुरू आणि खेड्यातला मास्तर एवढीच ती सामग्री. तेथे ना मोठा वृंद, ना कर्णा. आपल्या गायकवृंदात आता बोटांवर मोजण्याइतकीच माणसे उरली म्हणून जे खेद करतात, त्यांनी ओबर्नडॉर्फची संख्या मोजावी. ती दोन होती, आणि मागे झील धरणारी गावची मंडळी.

'अदेस्ते फिदेलेस' हे माझ्या मते या संचाचे हृदय. या स्तोत्राच्या सर्वांत जुन्या प्रती अठराव्या शतकात जॉन फ्रान्सिस वेड या इंग्रज कॅथॉलिक गृहस्थाच्या हस्ताक्षरात सापडतात. स्वदेशी कॅथॉलिकांना उघडपणे मिस्सा करण्याची बंदी असल्यामुळे इंग्लंडची कित्येक कॅथॉलिक कुटुंबे त्या काळी परदेशी राहत. फ्रान्समधील दुए येथील निर्वासितांत वेड हा स्तोत्रांच्या प्रती लिहून पोट भरी. शंभर वर्षांनी फ्रेडरिक ओकली याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. तेव्हा तो अँग्लिकन पाद्री होता, पुढे १८४५ साली कॅथॉलिक झाला आणि धर्मगुरूही झाला. १९४२ च्या जूनमध्ये क्रॉस्बीने हे स्तोत्र मुद्रित केले, तेव्हा त्याने आधी लॅटिन म्हटले आणि मग इंग्रजी. हा क्रम ऐकण्याजोगा आहे. लॅटिन म्हणताना त्याची ती नेहमीची सैलसर लकब जवळजवळ नाहीशी होते. स्वर ताठ उभे राहतात, शब्द पुरे उच्चारले जातात. वेदीवरचा तो स्पोकेनचा मुलगा पुन्हा उभा राहिल्यासारखा भास होतो. हा माझ्या कानाचा भ्रमही असेल. पण आपल्यातल्या ज्या वृद्धांनी १९६३ च्या धर्मपरिषदेच्या संविधानापूर्वी लॅटिन मिस्सा ऐकली आहे, त्यांनी डोळे मिटून ती तबकडी एकदा ऐकावी, एवढीच विनंती.

त्याच महिन्यात त्याने 'फेथ ऑफ अवर फादर्स' म्हटले. हे तर नाताळाचे गीतच नव्हे. फ्रेडरिक विल्यम फेबर हा अँग्लिकन पाद्री १८४५ साली कॅथॉलिक झाला, १८४९ साली लंडनमध्ये ऑरेटरीचा मठ चालवू लागला, आणि त्याच साली त्याचे हे स्तोत्र प्रसिद्ध झाले. विषय आहे इंग्लंडच्या हुतात्म्यांचा. तुरुंग, अग्नी, तरवार यांना न जुमानता ज्यांनी पूर्वजांची श्रद्धा राखली त्यांचा. मूळ रचनेत पवित्र मारियेच्या प्रार्थनेने इंग्लंड पुन्हा श्रद्धेकडे वळेल अशी आशा आहे. प्रोटेस्टंट बंधू हे स्तोत्र आवडीने म्हणतात, पण तेवढे कडवे बदलून घेतात! अमेरिकेतील आयरिश कॅथॉलिकांच्या घरोघरी ते म्हटले जाई. सिनेमाच्या सर्वांत लोकप्रिय गवयाने, सर्व पंथांच्या आणि कोणत्याच पंथाच्या नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या संचात, हुतात्म्यांचे कॅथॉलिक स्तोत्र निःसंकोच घातले, याचे मोल आपण जाणले पाहिजे. फेबरने ज्यांची गाथा गायिली, त्या हुतात्म्यांच्याच काळात, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, आपल्या वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढले. तेव्हा ते गाणे आपल्याला परके नाही, चाल मात्र परकी आहे.

आता ज्या गाण्यावरून खरा वाद झाला त्याकडे. 'व्हाइट ख्रिसमस' या गीतात प्रभूचे नाव नाही, गव्हाण नाही, मारिया नाही, तारा नाही. आहे तो बर्फ, आणि लहानपणच्या नाताळाची हुरहूर. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी सभेत विचारले की, ज्या गावी डिसेंबरात डासांनी बसू देत नाही तेथे बर्फाचे गाणे लावण्यात काय स्वारस्य? सभेत हशा पिकला. पण मौज अशी की, या गाण्याचा मूळ आरंभही अशाच एका बर्फ नसलेल्या गावी होतो. क्रॉस्बीच्या तबकडीत गाळलेल्या त्या प्रस्तावनेत कवी कॅलिफोर्नियात, ताडामाडांच्या आणि संत्र्यांच्या बागांत, लख्ख उन्हात बसला आहे, आणि नाताळ आला म्हणून त्याला उत्तरेची आठवण येत आहे. ज्याला बर्फ दिसत नाही त्याचेच ते गाणे आहे. बर्फात राहणाऱ्याला ते रचावेसे वाटले नसते.

आणि रचणारा तरी कोण? आयर्विंग बर्लिन. ज्यू. १८८८ साली रशियन साम्राज्यात जन्मलेला, पाच वर्षांचा असता न्यूयॉर्कला आलेला, सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्याचा मुलगा. त्याने एलिन मॅके या कॅथॉलिक मुलीशी लग्न केले, त्याबद्दल तिच्या श्रीमंत पित्याने तिच्याशी संबंध तोडले. त्यांना डिसेंबर १९२८ मध्ये मुलगा झाला. तो महिनाभरही जगला नाही. २५ डिसेंबर रोजी, ऐन नाताळाच्या दिवशी, ते बाळ वारले. त्या गीतात त्या बाळाचा शब्दही नाही, आणि बर्लिनने त्यालाच उद्देशून ते रचले असा दावा मी करीत नाही. मी एवढेच म्हणतो की, ज्याच्या घरी नाताळाच्या दिवशी पाळणा रिकामा झाला, त्याने रचलेले नाताळाचे गाणे नुसत्या चैनीचे असणे कठीण. आपल्या गावात अशी घरे आहेत. ती घरे मध्यरात्रीच्या मिस्सेला येतात, आणि 'ग्लोरिया'च्या वेळी त्यांचे ओठ हलत नाहीत. त्यांच्यासाठी आनंदाच्या स्तोत्रांच्या शेजारी एखादे हुरहुरीचे गाणे असले तर प्रभू रागावेल असे मला वाटत नाही.

क्रॉस्बीने हे गीत प्रथम रेडिओवर म्हटले ते २५ डिसेंबर १९४१ रोजी. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन तीन आठवडेही लोटले नव्हते. पुढे २९ मे १९४२ रोजी ते मुद्रित झाले, आणि त्याच वर्षी 'हॉलिडे इन' या चित्रपटात आले. रणभूमीवरच्या शिपायांनी ते उचलले. सैन्याच्या रेडिओकडे या एका गीतासाठी मागण्यांचा पाऊस पडला. १९४३ साली त्याने दुसरे गीत म्हटले, नाताळाला घरी येईन असे कळविणाऱ्या शिपायाचे. पण ते येणे केवळ स्वप्नातले. ते गीत मुद्रित व्हावयास ऑक्टोबर उजाडला, कारण १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघाने मुद्रणावर बहिष्कार घातला होता, आणि डेक्काने त्यांच्याशी करार केला तो १९४३ च्या सप्टेंबरात. 'व्हाइट ख्रिसमस'च्या मूळ साच्यावरून इतक्या तबकड्या काढल्या गेल्या की साचा झिजला, आणि मार्च १९४७ मध्ये त्याच मंडळींना जमवून ते जसेच्या तसे पुन्हा गावे लागले. आज आपण ऐकतो ते बहुधा हे दुसरे. त्या गाण्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्याचा अंदाज गिनेसच्या ग्रंथात नोंदलेला आहे. १९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडले, तेव्हा शहर सोडून निघण्याची खूण म्हणून सैन्याच्या रेडिओवर हेच गीत वाजविले गेले, भर उन्हाळ्यात.

गवयाच्या चारित्र्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण सभेत तोही मुद्दा निघाला. १९४४ च्या 'गोइंग माय वे' चित्रपटात त्याने फादर ओमॅलीची भूमिका केली, तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यामुळे पुष्कळ भाबडी माणसे त्याला अर्धा धर्मगुरूच समजू लागली. तो तसा नव्हता. तारुण्यात तो दारूच्या पायी वाहवला होता. त्याच्या थोरल्या मुलाने १९८३ साली पुस्तक लिहून बापाच्या कठोरपणाच्या कटु आठवणी जगापुढे मांडल्या. क्रॉस्बी १४ ऑक्टोबर १९७७ रोजी स्पेनमध्ये माद्रिदजवळ गोल्फ खेळून परतताना वारला, त्यामुळे त्याला उत्तर देता आले नाही. मुलाचे खरे किती आणि रागाचे किती, हे ठरविणारे आपण कोण? परंतु गाणे पवित्र म्हणून गाणारा पवित्र, असे समीकरण मांडू नये, आणि गाणारा पापी म्हणून स्तोत्र बाटले, असेही मानू नये. तसे मानले तर आपल्या गायकवृंदाच्या बाकावर बसावयास कोणीच उरणार नाही, मी तर नाहीच नाही.

आता वादाच्या निकालाकडे येतो. योगायोग असा की, ज्या १९०३ साली क्रॉस्बी जन्मला, त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, संत सेसिलियेच्या सणाच्या दिवशी, पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आपले प्रसिद्ध आज्ञापत्र काढले. नाटकी संगीत देवळातून घालवावे, आणि लोकांनी पुन्हा स्वतः गावे, ही त्यांची तळमळ. वृद्ध मंडळी त्याचा आधार घेतात, तो रास्त आहे. पण याहून आपल्या प्रश्नाला अचूक लागू पडणारा एक कागद आहे. ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमच्या विधिमंडळाने पवित्र संगीताविषयी सूचनापत्र काढले. ग्रामोफोन, रेडिओ, टेप यांसारखी यंत्रे उपासनाविधीत लावण्यास त्यात साफ मनाई आहे. विधीत जिवंत माणसानेच गायिले पाहिजे. मात्र विधीबाहेर लोकांना स्तोत्रे शिकविण्यासाठी ही यंत्रे वापरण्यास त्याच पत्रात मोकळीक आहे.

बंधुभगिनींनो, मी हे वाचले तेव्हा मला आमच्या सभेतील दोन्ही तटांची कीव आली, आणि त्यात माझीही. एक तट म्हणत होता, लावा. दुसरा म्हणत होता, लावू नका. ऐकून शिकावे, हे कोणाच्या ध्यानीच आले नाही. क्रॉस्बीची तबकडी आपल्या गायकवृंदाची वैरीण झाली ती तिच्यात दोष आहे म्हणून नव्हे, ती ऐकणे गाण्यापेक्षा सोपे आहे म्हणून. गेल्या वर्षी ज्या तासाला कर्णा गात होता, त्या तासाला पटांगणात चारपाचशे माणसे उभी होती आणि एकही तोंड उघडलेले नव्हते. मी स्वतः त्यांत होतो, खिशात हात घालून. स्तोत्र संपले की आम्ही घड्याळ पाहत होतो. आमच्या आजोबांच्या काळी याच पटांगणात नाताळाच्या रात्री गावकी गात असे. त्यांचे सूर फाटके होते, शब्द चुकत, पण यंत्राने गावे आणि ख्रिस्ती माणसाने घड्याळ पाहावे, असे त्यांना सांगितले असते तर ते चकित झाले असते.

समितीने माझे म्हणणे ऐकून घेतले, आणि फादरांनी त्यास अनुमती दिली, ते येथे जाहीर करतो. या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेपूर्वी कर्णा बंद राहील. क्रॉस्बीचा संच सभागृहात दुसऱ्या दिवशी, नाताळाच्या संध्याकाळी, चहाच्या वेळी लागेल. ज्यांना बर्फाचे गाणे ऐकावयाचे त्यांनी तेथे यावे, मीही येणार आहे. 'अदेस्ते फिदेलेस'ची लॅटिन कडवी आपल्या वृंदातील वृद्धांना अजून पाठ आहेत, तरुणांना ती येत नाहीत. तेव्हा आगमनकाळाच्या पहिल्या गुरुवारपासून, सायंकाळच्या रोजरीनंतर, सभागृहात क्रॉस्बीची ती एक तबकडी लावली जाईल, आणि तीन वेळा ऐकून झाली की यंत्र बंद करून आपण सर्वांनी म्हणावयाचे. मराठी कडव्यांचे जुने कागद ज्यांच्या पेटाऱ्यांत असतील त्यांनी ते घेऊन यावे, प्रत करून परत दिले जातील. हार्मोनियमचा भाता फाटला आहे, तो डिसेंबरपूर्वी दुरुस्त होईल असे वचन मला मिळाले आहे. न झाल्यास गिटार वाजविणारा एक मुलगा आपल्याकडे आहेच.